मुका पुदिना

देवळाली कॅम्पातल्या नाजूबाईंनी दिलेली तीन रोपं
रंजनाने बसमध्ये मांडीवर धरून आणली,
ओल्या फडक्यात, डालड्याच्या डब्यात.
कंडक्टर म्हणाला, चार तिकिटं होतात बाई.

जुडीने मिळतो तो पुदिना नव्हे हा.
एक पाण्यातला, जांभळ्या देठाचा,
मोरीच्या कडेला ठेवला की सुखी.
दुसरा टोकदार पानांचा, कडक,
नाकात शिरतो तो थेट डोळ्यांतून बाहेर येतो,
असं ती म्हणते.
मी कुठला वास घेतोय?
तापातून उठलो त्याला दोन वर्षं झाली,
माझं नाक नुसतं चष्मा ठेवायला उरलंय.

तिसरा केसाळ. पानांवर बारीक लव.
चटणीत घालून पाहिला,
घोंगडीचं टोक चावल्यासारखं झालं.
नाजूबाईंनी त्याचं नाव सांगितलं होतं,
ते द्वारका सर्कलपर्यंत कुठेतरी सांडलं.
चोळल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आम्ही त्याला मुका म्हणतो.
एकदा ती गॅलरीतून ओरडली, "अहो, मुक्याला पाणी दिलंत का?"
मी खालून, "मुका मिळाला तर देतो की!"
खैरनारांच्या खिडकीत तीन डोकी आली.

एकतीस वर्षं मी चिवड्याचा मसाला भाजला,
मेन रोडच्या मागच्या बोळात.
धने झाले की नाही ते रंगावर कधी ठरवलं नाही.
मालक म्हणायचा, विश्वनाथ, नाक ठेवून जा दुकानात, तू घरी जा.
आता दूध खाली लागतं
आणि मी पेपर वाचत बसतो.

मार्गशीर्षात द्राक्षांची विरळणी होते.
तिचा भाऊ मखमलाबादहून पिशवीभर
खुडलेले कच्चे मणी टाकून जातो,
मटाराएवढे, दात आंबवणारे.
ते, कडक पुदिना, हिरवी मिरची, गुळाचा खडा,
पाट्यावरच, मिक्सरला नाही.
मला त्यातलं आंबट कळतं, तिखट कळतं,
मधली जागा मोकळी राहते.
पाण्यातला उकळून ती फरशी पुसते, मुंग्या वाट बदलतात.
कडकाची वाळकी पुरचुंडी रव्याच्या डब्यात.
मुक्याचा काही उपयोग सापडेना,
तर वाळवून टाकला पांघरुणांच्या ट्रंकेत.

रोज सकाळी ती एक पान माझ्या नाकाशी धरायची.
कोणता?
मी अंदाजाने सांगायचो. तीनात एक, कधी लागायचाही.
लागला की चहात आलं जास्त.
एकदा मी डोळे मिटून म्हणालो, पाण्यातला! अगदी स्पष्ट!
ते तेरड्याचं पान होतं.
ती काही बोलली नाही.
त्या दिवशी चहाच झाला नाही.
पुढे पान धरणंही बंद.

मग थंडी पडली.
परवा संध्याकाळी तिने ट्रंक उघडली, रजई झटकली,
आणि काहीतरी माझ्या अंगावरून गेलं.
पुदिना नाही.
पेरूची साल, ओल्या लोकरीत गुंडाळलेली, असं काहीसं.
मी गप्प बसलो.
इतकं खोटं बोललेल्या माणसाने
एकदम खरं कसं बोलायचं?

"पेरू आणलेस का गं?"

तिने रजई खाली ठेवली.
पेरू नव्हते घरात.
ट्रंकेत हात घातला, दोन्ही हात पाठीमागे नेले,
मुठी पुढे केल्या. चेहरा चौकीतल्या हवालदारासारखा.
मी वाकलो. उजवीवर. डावीवर. पुन्हा उजवीवर.
डावी, म्हणालो.

तिने डावी उघडलीच नाही.
आधी उजवी उघडली, सावकाश,
एकेक बोट.
रिकामी.

तिकडे गॅसवर दूध करपलं होतं.
ते मात्र मला कळलं नाही.